बिनठसक्याची मिरची

लोक चारधाम करून येतात, केरळ-उटी करून येतात आणि मग चारचौघांत बसून सांगतात. आम्ही नवरा-बायको मिरच्या बघायला गेलो होतो. तेही आपल्याच जिल्ह्यात, रत्नागिरीहून दापोलीजवळच्या मुरुडपर्यंत, एसटीने आणि होडीने. ऐकणारा आधी हसतो, म्हणून मीच सांगून टाकते. हसा खुशाल. पण त्या प्रवासात मुरुड येईपर्यंत मी एकदासुद्धा धड हसले नव्हते. हातात सारखी पथ्याची पिशवी.

रत्नागिरी

ह्यांची उभी नोकरी मालवाहू बोटींवर गेली. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. हे भंडारी. जगातल्या कुठल्या बंदरात कुठली मिरची मिळते ते ह्यांना विचारावं. रजेवर घरी आले की माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि नुसत्या वासावरून नावं ठेवायचे. "गूळ आधी घातलास ना? म्हणून डाळ खाली लागते." "हळद कच्ची राहिली गो." संसारभर मी हे ऐकत आले, आणि मनात म्हणत आले, देवा, एकदा तरी हा माणूस गप जेवू दे.

देवाने ऐकलं. असलं मागणं कोणी मागू नये.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात हे घरी असताना कावीळ झाली. कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. वासही गेला. भात म्हणजे माती, दूध म्हणजे खडूचं पाणी. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, वेळ लागतो. तेल-तिखट मात्र अजून बंद." गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. हे ताटावर बसायचे, चार घास चिवडायचे आणि "ठीक आहे" म्हणून उठायचे. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. एकदा मी पेजेत मीठ घालायला विसरले. ह्यांनी वाटीभर पेज मुकाट्याने संपवली आणि म्हणाले, "चांगली झाली." मी मोरीत जाऊन रडले.

त्यातच माझ्या लक्षात आलं की हे गुपचूप डबे उघडून मिरच्या जिभेवर ठेवून बघतात. मग मी घरातली सुकी मिरची, मसाला, अगदी लोणच्याची बरणीसुद्धा उचलली आणि शेजारच्या कुमुदवहिनींकडे नेऊन ठेवली. घरात तिखट म्हणून औषधाला राहिलं नाही.

आणि मग तो शनिवार. सासूबाई असत्या तर त्यांनी कधीच ह्यांची दृष्ट काढली असती, हे माझ्या मनात कित्येक दिवस होतं. ह्यांना ते चालत नाही. बोटीवर दर फेरीला नारळ फोडणारा माणूस, पण घरात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या की म्हणणार, "खुळी झालीस काय?" तिन्हीसांजेला हे कॉटवर पेंगत होते, तेवढी संधी साधली. मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या आणि मिरच्यांपाशी अडले. घरात मिरची कुठली? वहिनींकडे मागावी तर आळीभर व्हायचं. तेवढ्यात ह्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या डब्याची आठवण झाली. कुठल्याशा बंदरावरून आणलेल्या सुक्या मिरच्या होत्या त्यात, बोरासारख्या गोल, काळपट लाल. म्हटलं मिरची ती मिरची. मूठभर घेतल्या, ह्यांच्यावरून उतरवल्या, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची" पुटपुटले आणि मागच्या दारी निखाऱ्यांवर टाकल्या.

ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगते. मिरची निखाऱ्यावर पडली की घरभर ठसका उठतो. सगळी खोकत सुटली की समजायचं, फार काही नव्हतं. पण दृष्ट जबर असली तर मिरच्या जळून खाक होतात आणि साधी शिंकसुद्धा येत नाही. सासूबाई हे सांगताना आवाज बारीक करायच्या. तर मीठ तडतडलं, मोहऱ्या उडाल्या, मिरच्या फुगून काळ्या झाल्या. मी मुद्दाम वाकून बसले होते. धूर नाकातोंडात गेला आणि काही नाही! नाक चुरचुरेनासुद्धा. घरात येऊन बघितलं, हे तसेच पेंगत होते, गालफडं बसलेली. मी देवापाशी दिवा लावला आणि कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आपणहून उठून बसले आणि म्हणाले, "मंदा, जयगडला जाऊ या. इस्माईलकडे पिरीपिरी मिरचीचं झाड आहे. तिथनं गुहागरला तुझ्या बापूकडे, तिथनं मुरुडला विष्णूदादाकडे. जगात जे तिखट नि वासाचं मी खाल्लंय, ते ह्या तीन अंगणांत मिळून सगळं आहे. कुठेतरी जीभ जागी होईल."

"डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय."

"जिभेवर ठेवीन. गिळणार नाय."

"काहीतरीच तुमचं!"

"मग घरात बसून मरू?"

असं बोलणारा माणूस नव्हे हा. मी निमूटपणे थर्मासमध्ये पेज भरली, मेतकूट, ग्लुकोजचा पुडा, गोळ्या घेतल्या आणि निघालो.

जयगड

एसटीत मी ह्यांना खिडकीशी बसवलं, वाऱ्यासाठी नव्हे, उजेडासाठी. दर थोड्या वेळाने ह्यांची पापणी खाली ओढून बघत होते, डोळा पिवळा तर होत नाही ना. चाफे गावाच्या पुढे कंडक्टर म्हणाला, "मावशी, काकांच्या डोळ्यांत कचरा गेला काय?" हे म्हणाले, "बायको गेलीय." सगळी गाडी हसली. मला काही हसू येईना. बाहेर सड्याच्या कातळावर गवत पिवळं पडलं होतं, कापलेल्या भाताचे मळे उघडे दिसत होते. एरवी मला हे दिवस फार आवडतात. तेव्हा मात्र पिवळं काही बघितलं की धस्स व्हायचं.

इस्माईलभाई बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. आता निवृत्त. खाडीच्या तोंडाशी घर, पुढे माडांची रांग आणि ओट्याला लागून जुन्या डब्यांत, फुटक्या बालदीत लावलेली झाडं. जयगडचे पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर, त्यामुळे इथल्या अंगणांत कुठलं झाड कुठल्या देशातून आलं ह्याचा नेम नाही. इस्माईलभाईंची मिरची मोझांबिकची. चिमणीच्या चोचीएवढी, तोंड वर आभाळाकडे. त्यांच्या बायको, जैनबभाभी, ती लसूण आणि लिंबाच्या रसात वाटून माशाला चोपडतात आणि भाजतात. तिकडच्या काळ्या बायकांकडून इस्माईलभाई शिकून आले आणि आता आख्खा मोहल्ला तसंच करतो.

ह्यांनी एक मिरची तोडली, दातांनी टोक तोडून जिभेवर ठेवलं. आम्ही तिघं ह्यांच्या तोंडाकडे बघत उभे. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कान लाल झाले.

"आली?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"आग आली," हे म्हणाले. "चव नाय."

"थुंका ती आधी!" मी ओरडले.

मग झांजीबारची लवंग झाली. लवंग अशी की डबा उघडल्याबरोबर मला पडवीत वास आला, तेलाने ओली लागत होती हाताला. ह्यांनी ती चावली. जीभ बधिर झाली, बस्स. जेवायला भाभींनी सांदणं केली होती, तांदूळ आणि नारळाच्या रसाची, वाफवलेली. ह्यांनी दोन खाल्ली आणि म्हणाले, "मस्त झालीत."

भाभींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "गो बाय, ह्या माणसाने माझ्या सांदणाला आजवर कधी बरं म्हटलं नाय. एकदा म्हणणार फुगली नायत, एकदा म्हणणार रस पातळ. आज मस्त म्हणतो? मला भ्या वाटला." माझेही डोळे भरून आले. भाभींनी विचारलं, "नजर काढलीस?"

"तुमच्यात काढतात?"

"काढतात तर! मिरच्या नि तुरटी." आणि मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "ठसका आला ना चांगला?"

मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. म्हटलं, "आला की. खूप आला."

तवसाळ, गुहागर

जयगडच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे तवसाळला उतरता येतं. खाडी शांत होती. ह्यांनी पाण्यात हात सोडला होता. सबंध आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस, पण मला वाटत होतं झोक जाऊन पडतील की काय, म्हणून मी ह्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसले होते.

"सोड गो," हे म्हणाले. "पळत नाय मी." मग पाण्यातला हात बाहेर काढून म्हणाले, "भंडाऱ्याला चव नाय म्हणजे काय, ठाऊक आहे? सारंगाला डोळे नायत. मला भूक नाय असं नाय मंदा. मला ताटाची भीती वाटते. प्रत्येक घासाला वाटतं, ह्या घासाला कळेल. आणि कळत नाय."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला कशाची भीती वाटते हे सांगितलं नव्हतं. बोटीवरच्या वादळांबद्दलसुद्धा सांगायचे ते हसत हसत. मी त्याच वेळी शनिवारचं सगळं बोलून टाकायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला आणखी काय घाबरवायचं? म्हटलं, "बापूकडे बघू, बापूकडे काहीतरी असेल."

पुढच्या एसटीत एक फजिती झाली. भाभींनी दिलेल्या चार पिरीपिरी मी पदराच्या टोकाला बांधल्या होत्या. ह्यांचं होडीतलं बोलणं आठवून डोळे पुसायला पदर लावला आणि देवा! डोळ्यांत कोणी निखारा घातला असं झालं. हेदवीपर्यंत मी घळाघळा रडत होते. शेजारची बाई म्हणाली, "कोण गेलं वो?" मी मान हलवली, तिने ती 'हो' अशी घेतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे दुसऱ्या बाजूला जिवंत बसलेले! पण डोळे धुऊन जरा उघडल्यावर माझ्या मनात काय यावं? एवढीशी मिरची पदराला घासते आणि डोळे फोडते, आणि माझ्या निखाऱ्यांवर मूठभर मिरच्या जळल्या त्या मुक्या राहिल्या. म्हणजे दृष्ट किती असेल! धीर होता तोही गेला.

बापू माझा मावसभाऊ. गुहागरला त्याची सुपारीची बाग आहे. बागेत शिरलं की भर दुपारी सावली, पाटाचं पाणी खळखळतंय, सुपारीवर मिरीचे वेल चढलेले. बापूची जीभही पाटासारखीच वाहती. जायफळाचं नर झाड कुठलं, मादी कुठलं, जायपत्री लाल असताना कशी सोडवायची, सगळं सांगत तो आम्हाला बागेच्या टोकाला घेऊन गेला. तिथे त्याचं लाडकं झाड होतं. ऑलस्पाइस म्हणतात त्याला, मूळचं जमैकाकडचं. त्याने एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. लवंग आली, दालचिनी आली, मागून जायफळ आलं. एका पानात सगळा मसाल्याचा डबा. मला क्षणभर सगळं विसरायला झालं.

"दे इकडे," हे म्हणाले.

ह्यांनी ते पान दोन्ही हातांनी नाकाशी दाबलं आणि डोळे मिटले. मग दुसरं पान घेतलं. मग तिसरं. शेवटी ह्यांनी पानं पाटाच्या पाण्यात सोडून दिली आणि म्हणाले, "झाड मस्त आहे बापू."

त्या 'मस्त'चा मला आता राग यायला लागला होता. बापूच्या बायकोने मऊ भात, कुळथाचं बिनतिखटाचं पिठलं केलं होतं. तेही मस्त. मी ताटावरच म्हटलं, "खोटं बोलू नका हो, तुम्हाला काही कळत नाहीये." सगळे चपापले. ह्यांनी मान खाली घातली आणि मला कुठून बोलले असं झालं.

दाभोळ

धोपाव्याहून फेरीबोट दाभोळला जाते. माणसं, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या सगळं एकत्र. दाभोळच्या धक्क्यावर उतरलो, चढावर दहा पावलं गेलो असू, आणि हे मटकन खाली बसले. तोंड पांढरंफटक. मी पेजेचा थर्मास उघडायला गेले तर घाईत अर्धी पेज माझ्याच पायांवर. मासळीवाली एक बाई धावली, आपली पाटी खाली ठेवून तिने ह्यांच्या डोक्यावर पाणी मारलं. मी काय बोलत होते मला ठाऊक नाही. हे नंतर सांगतात की मी ग्रामदेवतेला नारळ, कोंबडा, साडी सगळं एका दमात बोलून मोकळी झाले.

जरा वेळाने ह्यांनी डोळे उघडले. "सकाळपासून पोटात काही नाय, म्हणून झालं. ओरडू नको."

"इथूनच परत फिरायचं. आत्ताच्या आत्ता."

"मुरुड झालं की फिरू. तुझी शपथ. मग तू म्हणशील ते."

मी ह्यांची पापणी खाली ओढून बघितली. पांढरी होती. त्या मासळीवाल्या बाईने विचारलं, "काय झालंय ह्यांना?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "दृष्ट लागलीय." हे वर बघायला लागले. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

मुरुड

विष्णूदादा म्हणजे ह्यांचे बोटीवरचे गुरू. ह्यांच्या हातात पहिल्यांदा पळी दिली ती त्यांनी. आता मुरुडला घर बांधून राहतात. मागच्या दाराने बाहेर पडलं की सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळू. पण दादांना समुद्र बघायची हौस नाही. म्हणतात, पुष्कळ बघितला. त्यांची हौस म्हणजे माडीवरचं कपाट. त्यात बिस्किटांचे, कॉफीचे जुने डबे, आणि प्रत्येक डब्यात एकेका बंदराचा वास.

दादांनी ह्यांना आधी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "अनंता, तुझा अर्धा माणूस कुठे ठेवून आलास?" आणि डबे काढायला लागले.

मला खरं तर तिथे मजा यायला हवी होती. पश्चिम आफ्रिकेचं एक बी होतं, दिसायला वेलदोड्याच्या दाण्यासारखं आणि जिभेला मिरीसारखं. चीनच्या बंदरावरची कसलीशी फळं होती, लालसर, फुटलेली. मी एक चघळलं, तोंडाला मुंग्या आल्या आणि मी म्हटलं, "अहो, हे तर आपलं तिरफळ!" बांगड्याच्या आमटीत घालतो त्याचाच कोणी चुलतभाऊ असावा. अंगणात एक मेक्सिकोकडची मिरची होती, आकाशकंदिलासारखी फुगीर, नारिंगी. दादांच्या बायको, शैलावहिनी, ती हाताला पिशवी गुंडाळून तोडतात. तोडली की पिकलेल्या फळासारखा गोड वास सुटतो, आणि अख्ख्या टोपात एक घातली की घरच्यांना पुरते. दादांनी ह्यांना ती चाखू दिली नाही. नुसती चिरून नाकाखाली धरली. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. ह्यांच्याही आलं. पण वास? नाही.

एकेक डबा उघडत होता आणि मिटत होता. मी डब्यांकडे बघायचं सोडून ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दर डब्याला भुवया जरा वर जायच्या आणि परत खाली यायच्या. कपाट संपत आलं. शेवटी दादांनी खालच्या फळीवरचा एक डबा काढला, झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावायला लागले. पण माझी नजर आत गेली होती. गोल. काळपट लाल. बोरासारख्या.

मी झाकण धरलं. "ही कुठली?"

"ही स्पेनची," दादा म्हणाले. "अनंताकडेपण आहे ना?"

"आहे, ट्रंकेत," हे म्हणाले.

"मग ही का नाही दाखवत ह्यांना?"

"हिला काय चाखायचं मंदा?" दादा म्हणाले. " ही गोडी मिरची. तिकडे रंगाला घालतात, भातात, माशाच्या रश्शात. तान्ह्या पोराच्या हातात दिली तरी चालेल."

"तिखट नाही?"

"नावाला नाय."

"आणि... आणि जाळली तर?"

दादांना काही कळेना. मी उत्तराची वाट बघितलीच नाही. डब्यातल्या दोन मिरच्या उचलल्या, जिना उतरले, शैलावहिनींच्या चुलीपाशी गेले आणि निखाऱ्यावर टाकल्या. फुगल्या. काळ्या झाल्या. वहिनी बाजूला भाकरी थापत होत्या, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. ना खोकला, ना शिंक. मी तिथेच पाटावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता कधी हुंदके द्यायला लागले ते मला कळलं नाही. वहिनी पिठाच्या हातांनी मला धरून "काय झालं गो, काय झालं" करतायत, वरून हे आणि दादा धावत आलेले.

मग सांगितलं सगळं. घरातल्या मिरच्या कुमुदवहिनींकडे नेऊन ठेवल्या ते, ट्रंक उघडली ते, ठसका आला नाही ते, जैनबभाभींशी खोटं बोलले ते. "मला वाटलं तुम्ही जाता," मी म्हटलं. "शनिवारपासून मला वाटतंय तुम्ही जाता."

आधी दादा हसले. "अरे, दृष्ट असेल तर स्पेनला गेली असेल एव्हाना!" मग हे हसले. आषाढापासून मी ह्यांचं हसू ऐकलं नव्हतं. "भंडाऱ्याची बायको," हे म्हणाले, "आणि दृष्ट काढते कशाने, तर गोड्या मिरचीने! बोटीवर कळलं तर मला समुद्रात टाकतील." असं म्हणून हसता हसता हे एकदम थांबले आणि माझ्याजवळ खाली बसले.

"आणि हे सगळं पोटात घेऊन एकटी फिरत होतीस?"

मी उठून वहिनींची राहिलेली भाकरी तव्यावर टाकली.

वहिनींनी पानं मांडली. तांदळाची भाकरी आणि डाळिंब्यांची उसळ, ह्यांच्यासाठी नुसत्या नारळाची. ह्यांनी पहिला घास घेतला. सगळे बघत होते. "काही कळत नाय वहिनी," हे म्हणाले. "माती आहे. पण जेवतो." आणि खरोखर जेवले. भाकरी संपवली, आणखी अर्धी घेतली. चव नव्हतीच, पण 'मस्त'ही नव्हतं, आणि मला त्या दिवशी तेवढंही पुष्कळ वाटलं.

घरी

परत आल्यावर लगेच काही चमत्कार झाला असं नाही. दापोलीहून गाडीने थेट आलो, मी ह्यांची पापणी ओढायचं कमी केलं, हे रोज म्हणायचे "माती", आणि रोज ताट मात्र संपवायचे. शनिवार आला तेव्हा हे आपणहून म्हणाले, "ते तुझं राहिलंय ना? काढ आता नीट. घरच्या मिरचीने."

"तुमचा विश्वास नाही ना?"

"माझा नाय. तुझा आहे. झोप तुझी गेलीय."

मी कुमुदवहिनींकडून मूठभर आमची साधी लाल मिरची मागून आणली. वहिनींनी "कशाला" विचारलं, तेव्हा ठणकावून सांगितलं, दृष्ट काढायला. चुलीवर डाळीचं पातेलं होतं, हे खुर्चीत ताठ बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. मी ओवाळलं, मागच्या दारी गेले आणि निखाऱ्यांवर टाकलं.

आणि काय ठसक्याचा खाट सुटला म्हणता! मी खोकत आत पळाले, कुमुदवहिनी त्यांच्या ओट्यावरून खोकायला लागल्या, गोठ्यातली म्हैससुद्धा फुरफुरली. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी खोकता खोकता हसतेय. हे खुर्चीत वाकून ठसकत होते. मी पाणी घेऊन धावले तर ह्यांनी हाताने मला थांबवलं. मान वर केली. नाक जरा वर केलं, दारात उभे राहून करायचे तसं.

"काहीतरी करपतंय," हे म्हणाले.

"मोहऱ्या त्या. जळतायत बाहेर."

"मोहरी नव्हे." परत एकदा श्वास घेतला, हळू, जणू वास परत जाईल की काय अशा भीतीने. "डाळ. डाळ लागलीय खाली. गूळ आधी घातलास ना गो?"

घातला होता. मी स्वयंपाकघरात धावले, पदराने पातेलं उतरवलं, हात पोळला तेही कळलं नाही. मागून हे भिंतीला धरून आत आले, पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "वाढ."

"अहो, करपलीय पार. दुसरी टाकते."

"वाढ म्हणतो ना."

मी वाटीत वाढली. ह्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि मग हळूहळू सबंध तोंड वाकडं केलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आता ते ठसक्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

"वाईट झालीय मंदा," हे म्हणाले. "अगदी वाईट."

मी वाटीत आणखी एक पळी वाढली.